डांबरी वापरात आहे

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकापाशी नवा फलक लागला आहे. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'ओढ्याकाठची सोपी वाट. एका विस्मृत, वापरात नसलेल्या रस्त्यावरून दीड किलोमीटर. चढ नाही. सर्व वयोगटांसाठी योग्य.' खाली खंड्या पक्ष्याचं चित्र आहे. खंड्या चांगला काढलाय. बाकी सगळं खोटं आहे.

सोसायटीचे सचिव देवधर बँकेतून निवृत्त झालेले. मी कधीमधी दिवाळी अंकात लिहितो हे त्यांना कुणीतरी सांगितलं. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये भेटले.

"अहो, आपण लिहिता म्हणे. वाटेच्या उद्घाटनाला पुस्तिका काढतोय. दोन पानं द्या. ओढा, झाडं, आपलं बालपण, असं काहीतरी ओलं, हिरवं."

"माझं बालपण वाशीमकडे गेलं."

"मग तरुणपण घाला. फक्त रडगाणं नको. रडगाण्यासाठी आमच्याकडे मेंटेनन्सची मीटिंग आहे."

मी हसलो. पुण्यात राहून इतकं शिकलोय, की समोरचा कोरडेपणानं बोलला की हसायचं. घरी येऊन कागद घेतला आणि ओलं, हिरवं लिहायला बसलो. तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा लेखणी 'सोपी' या शब्दाशी अडली. सोपी कुणाला?

आता जे येतंय ते लिहितो. देवधरांना चालेल न चालेल.

त्या वाटेचं नाव डांबरी. तिच्यावर डांबर फारसं उरलेलं नव्हतं, तरी सगळे तिला डांबरीच म्हणत. "डांबरीवर चिखल झालाय." "पोरगी डांबरीनं गेली." वरच्या अंगाला मोठा बाह्यवळण रस्ता झाला, तसा ट्रक, एसटी सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ती मात्र ओढ्याच्या कडेकडेनं, करंजांच्या सावलीतून, फरशी ओलांडून वीटभट्टीच्या वस्तीपर्यंत जात राहिली. फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, पावसाळ्यात पाणी ज्याच्यावरून जातं असा. तिच्या दोन्ही कडांना गुडघ्याएवढे चुना फासलेले दगड होते. त्यातल्या तिसऱ्या दगडावर बसून मी भूगोलातली पदवी घेतली. परीक्षा कॉलेजात दिली एवढंच.

नव्वदीच्या मध्यावर मी पुण्यात आलो. वडील आमच्या गावच्या शाळेत शिपाई. घंटा द्यायचे. त्यांच्या घंटेवर अख्खं गाव शिकून गेलं, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. कुणीतरी म्हणालं, भट्टीच्या वस्तीत आपल्याकडची माणसं आहेत, खोली मिळेल. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी घेऊन मी डांबरीनं चालत गेलो. पहिल्याच घराच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी पत्ता विचारला. माझं एक वाक्य ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"कोन्या गावचा होय रे बाप्पा तू?"

वाशीम म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. तिचं माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर. ही गयामावशी. वस्तीतली निम्मी घरं तिनंच बोलावून आणलेल्या माणसांची. तिचा नवरा भट्टीवर विटा थापता थापता गेला होता, थोरला मुलगा येरवड्याला गॅरेजात कामाला, आणि धाकटी सुजाता तेव्हा पाचवीला. मला पत्र्याची खोली मिळाली. संध्याकाळी मावशीनं ज्वारीची भाकरी आणि तेलात परतलेला ठेचा पाठवला. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या जिभेला मी कुठला आहे ते आठवलं.

डांबरीचा वास आजही मला डोळे मिटून सांगता येतो. सकाळी भट्टीचा, जळक्या कोंड्याचा आणि भाजलेल्या मातीचा. दुपारी घाणेरीच्या पानांचा, उग्र. चैत्रात करंजाची फुलं गळायची आणि पांढरी-जांभळी पखरण सगळ्या रस्त्यावर पसरायची, तेव्हा एक तुरट-गोड वास यायचा. भाद्रपदात फरशीखाली पाणी इतकं जवळून वाहायचं, की तिसऱ्या दगडावर बसलं की पायाच्या तळव्यांना ते ऐकू यायचं. टिटवी ओरडायची. पलीकडे बाया धुणं आपटायच्या. त्या आपटण्याच्या तालावर मी खडकांचे प्रकार पाठ केले. बेसाल्ट म्हटलं की आजही मला साबणाचा वास येतो.

आणि वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डांबरी झाडली जायची. वस्तीत विहार नव्हता, म्हणून वंदना रस्त्यावरच व्हायची. पांढरी चादर अंथरायची, त्यावर लाकडी पाट, पाटावर तसबिरी. पण त्याआधी सगळा रस्ता झाडायचा. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला: या करंजापासून त्या करंजापर्यंत एक घर, तिथून वळणापर्यंत दुसरं, आणि फरशी मावशीची. झाडून झालं की खड्डे बुजवायचे. भट्टीत जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या विटा विकल्या जात नसत. त्यांना खंगर म्हणतात. लोखंडासारख्या कडक. त्या फोडून खड्ड्यात भरायच्या, वर मुरूम, वर पाणी, मग पोरांनी त्यावर नाचायचं. वर्षानुवर्षं असं करून काळ्या रस्त्यावर लाल ठिगळं पडली होती. शेवटी शेवटी ठिगळंच जास्त झाली होती.

मी एकदा मावशीला म्हणालो, "हे काम सरकारचं आहे. अर्ज करू या."

ती म्हणाली, "करजो. तवरक खड्डा काय वाट पाह्यते का?" मग माझ्या हातात घमेलं देऊन म्हणाली, "रस्त्यावर चालनं म्हंजे त्याले पानी घालनं होय. चाललं त जगते."

ती लाल ठिगळं अजून आहेत. सोसायटीच्या आर्किटेक्टनं ती तशीच ठेवली. उद्घाटनाच्या तयारीच्या बैठकीत तो कौतुकानं म्हणाला, "हे रेड पॅचेस नॅचरली रस्टिक आहेत, सर. असं बनवायला गेलो असतो तर खूप कॉस्टली पडलं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती मान मला उतरवून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

आता माझ्या नोकरीबद्दल लिहायला हवं, कारण फलकावरचे 'वापरात नसलेल्या' हे दोन शब्द माझे आहेत.

पदवी झाली आणि वर्षभर मी नोकरी शोधत बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत उभ्यानं वाचत होतो. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. प्रत्येक चौकात क्लास. एका कंपनीला जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायला माणसं हवी होती. भूगोलाची पदवी चालणार होती. मुलाखतीत इंग्रजीत बोलताना माझी त्रेधा उडाली. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मराठीत सांगा. नकाशाला कुठे इंग्रजी कळतं?" आणि त्यांनी मला घेतलं.

वडिलांना कळवलं. त्यांचं उलट पत्र आलं: 'साहेबांना माझा नमस्कार सांग. उपकार विसरू नको.' मी विसरलो नाही. ती माझी सगळ्यात मोठी चूक असेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

ऑफिस थंडगार होतं. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायचे. मी रोज डांबरीनं चालत यायचो. चपलांना लाल-काळा चिखल असायचा. पायांना लागलेला रस्ता बाहेर काढून ठेवायचा आणि आत जाऊन रस्ते काढायला बसायचं. मोठ्या फळ्यावर नकाशा चिकटवलेला. हातात काचेचा चौकोन, त्यात फुलीसारख्या दोन बारीक रेषा. ती फुली रस्त्यावर धरून बटण दाबत दाबत पुढे जायचं. प्रत्येक रेषेला एक आकडा द्यायचा. एक म्हणजे महामार्ग, दोन म्हणजे मुख्य रस्ता, असं करत सात. सात म्हणजे वापरात नसलेला. त्याची रेषा तुटक आणि करडी यायची.

आमच्या भागाचा नकाशा आला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही तिथलेच ना? मग पडताळणीलाही तुम्हीच जा." मला कोण अभिमान वाटला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि ज्या रस्त्यानं रोज येत होतो त्याच रस्त्यानं परक्यासारखा परत गेलो.

फॉर्ममध्ये तीन प्रश्न होते. डांबराचा थर अखंड आहे काय? पूल वाहनांस योग्य आहे काय? मोटार-वाहनांची ये-जा आहे काय? पुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोन चौकोन. मी फरशीवर तिसऱ्या दगडापाशी उभा राहून फॉर्म भरला. डांबराचा थर अखंड नव्हता. कसा असणार? पंधरा-वीस वैशाखांची खंगर त्यात भरलेली होती. ज्या हातांनी तो रस्ता चालता ठेवला त्याच हातांमुळे तो फॉर्मवर नापास झाला. नाही. नाही. नाही. मी तिन्ही चौकोनांत नीटनेटकी खूण केली. मी खोटं काहीच लिहिलं नाही. याच गोष्टीची मला चीड येते. माझ्या शाळेत शिकवलं होतं, विचारलं तेवढंच लिहा. मी विचारलं तेवढंच लिहिलं. माणसांच्या ये-जेचा रकाना नव्हता, आणि फॉर्मच्या बाहेर लिहायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी माझ्या बाजूनं शाळेतून परतणाऱ्या पोरी गेल्या, डोक्यावर धुण्याची गाठोडी घेतलेल्या दोन बाया गेल्या, आणि त्यांनी जावं म्हणून मी फॉर्म छातीशी धरून कडेला सरकलो.

मावशी चहा घेऊन फरशीवर आली. गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून तिनं फोटो पाहिला.

"काय लिहून राह्यला रे?"

"रस्त्याची नोंद, मावशी. आता आपली डांबरी कॉम्प्युटरवर येणार."

"खरं?"

"खरं."

तिनं तिथूनच वस्तीकडे तोंड करून हाक दिली, "ओ सुजे! डांबरी कामपुटरवर जाऊन राह्यली वं! आपल्या दादानं नेली!" दोन बाया हसत बाहेर आल्या. कुणीतरी मला गूळ-शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले. चव आठवते.

पुढचं मी थोडक्यात लिहिणार आहे. कुणी कुठली जमीन कुणाला दिली, कोणत्या कचेरीत काय ठरलं, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही. कळलं ते एवढंच, की एका संध्याकाळी मावशी हातात कागद घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. मागे सुजाता उभी होती.

"नोटीस आली म्हनते. मले वाचता येत नाई. तूच वाच."

मी वाचली. 'सदर रस्ता दीर्घकाळ वापरात नसल्याचे सोबतच्या नकाशावरून स्पष्ट होते. सबब तेथे जुनी वस्ती असल्याचा दावा ग्राह्य धरता येत नाही.' सोबत नकाशाची झेरॉक्स होती. ओढा, आणि ओढ्याकडेनं तुटक, करडी रेषा. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक इंग्रजी अक्षरांत, पडताळणी करणाऱ्याचं नाव. माझं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. छापील अक्षरांत आमच्या घराण्यातलं ते पहिलं नाव असेल.

मी कागद वाचताना अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवला. शिकलेल्या माणसाचा अंगठा.

"काय म्हनते?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे... रस्त्याबद्दल आहे. सुनावणी आहे. मी बघतो."

"पाह्य बाप्पा. तुह्याच भरोशावर आहो."

ऑफिसात दुरुस्तीसाठी गुलाबी फॉर्म असायचा. कुणाचीही चूक कुणीही त्यावर लिहून द्यायची, अशी पद्धत होती. चांगली पद्धत होती. मी तो घेतला, खोलीवर आणला आणि भरला. 'सदर रस्त्यावर पादचाऱ्यांची नित्य ये-जा आहे. रस्ता वापरात आहे.' खाली सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. ते फोनवर होते. त्यांनी मला बसायची खूण केली, फोन ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचं काम बघून खूश आहे मी. पुढच्या महिन्यात तुम्हाला ट्रेनिंगला पाठवतोय."

गुलाबी फॉर्म माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "थँक्यू, सर."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला धमकी दिली नाही, काही लपवायला सांगितलं नाही. फॉर्म दिला असता तर कदाचित त्यांनी स्वतः पुढे पाठवलाही असता. मी विचारलंच नाही. माझ्या तोंडात त्यांचे उपकार भरलेले होते आणि भरल्या तोंडानं बोलू नये हीही शाळेचीच शिकवण. आम्हा पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांना कृतज्ञता इतकी घोटून पाजलेली असते, की खुर्ची देणाऱ्याचे उपकार आम्ही जन्मभर फेडतो आणि भाकरी देणारीला 'बघतो' म्हणतो. मला त्या कृतज्ञतेचा राग येतो. पंचवीस वर्षं येतोय. तो शिळा होत नाही.

मी ट्रेनिंगहून परत आलो तेव्हा वस्ती नव्हती. भट्टीच्या चिमणीचा खालचा भाग तेवढा उभा होता. करंज फुलले होते. झाडायला कुणी नव्हतं म्हणून फुलं थरावर थर पडून काळी पडली होती आणि आंबूस वास सुटला होता. माझ्या खोलीच्या जागी पत्र्याचा एक तुकडा आणि माझीच एक जुनी चप्पल. शेजारच्या गावातला एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. म्हणाला, "कुनाला हुडकताय? सगळी गेली की. ती गयाबाई शेवटपतूर म्हनत व्हती, आमचं पोरगं हाय आफिसात, त्ये बघतंय."

मी तिथून सरळ ऑफिसला गेलो. दाराशी चपला काढल्या.

मावशीला थोरला येरवड्याला घेऊन गेला. ती तिथेच वारली, हे मला दोन वर्षांनी कळलं. पुढे मी कंपन्या बदलल्या, परदेशी जाऊन आलो, आईवडिलांना पक्कं घर बांधून दिलं. या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे आणि ते मनापासून लिहितो. मग भट्टीच्या जागेवर मनोरे उठले आणि मी त्यांतल्या एकात आठव्या मजल्यावर घर घेतलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. बायको म्हणाली, "इतक्या ठिकाणांमधून हेच?" मी म्हणालो, ओढा दिसतो.

ओढा दिसतो. त्याला आता दोन्ही बाजूंनी दगडी भिंती आहेत. वास औषधाचा येतो. टिटवी मात्र आहे. तिला कुणी नोटीस दिलेली दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये डबे घेतलेली एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. सहाव्या मजल्यावर ती म्हणाली, "दादा, बेसाल्ट म्हणजे अग्निजन्य ना?" फरशीवर बसून मी तिचा भूगोल घेत असे. सुजाता. डोंगरामागच्या वस्तीत दिलेली. आमच्या मनोऱ्यातल्या चार घरी स्वयंपाक करते. रोज सकाळी डांबरीनं येते, कारण मोठ्या रस्त्यानं आलं तर पाऊण तास जास्त, आणि तिथला महामार्ग ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. तिच्याबरोबर आणखी कितीतरी जणी येतात. धुणंभांडीवाल्या, माळी, ड्रायव्हर, पोरांना सांभाळणाऱ्या मुली. दहा-बारा वर्षं येताहेत. चार वर्षं आम्ही भेटतो, बोलतो. त्या कागदाबद्दल मी तिला कधी बोललो नाही.

फलक लागला त्याच आठवड्यात फाटकाला कुलपाची कडी बसली. आणि फाटकावर छोटी पाटी: 'वाट फक्त रहिवाशांसाठी. सेवकवर्गाने मुख्य रस्त्याचा वापर करावा.' कुलूप येत्या सोमवारपासून. रविवारच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब.

बुधवारी सकाळी मी फाटकापाशी पोचलो तेव्हा सुजाता आणि वॉचमन समोरासमोर उभे होते.

"ताई, आज सोडतो. सोमवारपासनं न्हाय. आर्डर हाय."

"कदमकाका, तुम्ही ड्यूटीला कुठून येता?"

"मी? हितनंच की."

"मग सोमवारी?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "त्ये इचारलं न्हाय म्या," तो म्हणाला.

"विचारू नका. मी तुम्हाला आतून सोडीन, तुम्ही मला बाहेरून सोडा," ती म्हणाली आणि तिघंही हसलो. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, हे 'विस्मृत' म्हणजे काय हो? आमच्या लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, आई, आपण रोज जातो त्याला विस्मृत म्हणतात का?"

मी तिला फरशीपर्यंत चल म्हटलं. तिसरा दगड आहे तिथे आता बाक आहे. ती बसली नाही, कामाला उशीर होत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फॉर्म, तीन चौकोन, सात आकडा, कोपऱ्यातलं नाव, अंगठा, खिशातला गुलाबी कागद. सांगताना मला वाटत होतं, ती रडेल किंवा मला बोलेल. दोन्हीची मी पंचवीस वर्षं तयारी केली होती.

ती ओढ्याकडे बघत म्हणाली, "माहीत आहे."

"काय?"

"दहावीला होते मी, दादा. इंग्रजी वाचता येत होतं. तुमच्याकडे आणायच्या आधी मीच वाचली होती नोटीस. तुमचं नाव मीच आईला दाखवलं."

"मग तिनं मला का..."

"मीही तेच म्हटलं. दुसऱ्या कुणाकडे जाऊ म्हटलं. आई म्हणाली, ज्यानं लिहिलं त्यालेच वाचू दे. चुकलं असन त तोच दुरुस्त करन." तिनं डबे दुसऱ्या हातात घेतले. "तुम्ही अंगठा ठेवलात ना, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, लेकरू भेलं वं. भेऊ दे. भ्याव गेलं की करन."

फरशीखालून पाणी जात होतं. थोडंसंच, कळकट.

"शेवटी शेवटी येरवड्यालाही विचारायची, दादानं केलं का?" मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मला तुमचं रडणं नको, दादा. खरंच नको. मला सोमवारी इथून यायचंय."

आणि ती चार घरांच्या पोळ्या लाटायला निघून गेली.

गुलाबी फॉर्म माझ्याकडे आहे. पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये, त्याच्या लगेच मागे. कागद विरलाय. गुरुवारी सकाळी सहाला मी तो आणि एक कोरी वही घेऊन फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो. वहीत तीन रकाने आखले: नाव, कुठून, कुठे. जी पडताळणी मी पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवी होती ती करायला बसलो. पहिलं पान साडेसातच्या आत भरलं. काही जणी थांबून नाव सांगत, काही चालता चालता ओरडून सांगत. एकीनं विचारलं, "रेशनचं आहे का?" मी म्हटलं, रस्त्याचं. ती म्हणाली, "मग माझं दोनदा लिहा, मी दोनदा येते." कदमांनी आपलं नाव स्वतः लिहिलं. शुक्रवारी बसलो. आज शनिवार, आजही बसलो.

देवधर सकाळच्या फेरीला आले. वहीकडे बघून म्हणाले, "हे काय, जनगणना?"

"पडताळणी," मी म्हणालो.

"आपलं लेखन कुठवर आलंय?"

"झालंय. उद्या सभेत वाचून दाखवतो."

"सभेत? अहो, पुस्तिकेसाठी होतं ते. ओलं आहे ना?"

"नाही," मी म्हणालो. "वाळलंय. चांगलं वाळलंय."

तर ही तुमची दोन पानं, देवधर. थोडी जास्तच झाली. यांच्याबरोबर वही जोडली आहे, आणि तो गुलाबी कागदही. आज सकाळी शेवटच्या पानावर सुजातानं स्वतःचं नाव सांगितलं आणि मग म्हणाली, आईचंही लिहा. मी पहिल्या पानाच्या वर, जिथे तारीख घालतात तिथे, गयामावशीचं नाव घातलं. नियमात बसत नसेल. हरकत घ्या.

उद्या कुलपाच्या बाजूनं जास्त हात वर होतील, हे मला माहीत आहे. होऊ देत. मग सोमवारी सकाळी सहाला मी फाटक आतून उघडून त्यात उभा राहीन. मला हलवायचं असेल तर मला नोटीस द्या, मी वाचू शकतो. आणि तो फलक उतरवून त्या खंड्याखाली एवढंच लिहा: डांबरी. वापरात आहे.

नकाशा जुना आहे, दुरुस्ती नवी आहे. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव आहे. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. या वेळी त्यावर अंगठा ठेवलेला नाही.